मंत्रिमहोदय, त्या खोलीचे कुलूप केव्हा उघडणार?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

गेल्या गुरुवारी मी आमच्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढून रांगेत उभा होतो. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि मानेपासून डोक्यापर्यंत ठणका होता. नर्सताईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहून पुन्हा बांधला आणि म्हणाल्या, “दादा, १७० वर ११० आहे, बसा आधी.” डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे, स्वभावाने चांगले, पण बाहेर शंभर माणसे ताटकळलेली. त्यांनी गोळी लिहून दिली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारता मारता म्हणाले, “काका, टेन्शन घेऊ नका.”

त्याच व्हरांड्याच्या टोकाला ‘समुपदेशन कक्ष’ अशी निळी पाटी आहे. गेल्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, तिथे फीत कापली गेली आणि महिनाभरात समुपदेशक रुजू होईल, असे जाहीर झाले. टाळ्या मीही वाजवल्या होत्या. आज दहा महिन्यांनी दाराला कुलूप आहे आणि खिडकीतून सलाईनचे रिकामे खोके व एक मोडकी व्हीलचेअर दिसते. समुपदेशनाची गरज त्या व्हीलचेअरलाच अधिक असावी, असे आपल्या खात्याचे मत दिसते.

महोदय, ताण हे मनाचे चोचले नव्हेत. शेतात पायाशी साप आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, हृदय धावू लागते, रक्तदाब चढतो; पाठोपाठ कॉर्टिसोल यकृताकडून रक्तात साखर ओतून घेते. ही व्यवस्था जीव वाचवते, कारण साप निघून जातो. बँकेची नोटीस निघून जात नाही. महिनोन्महिने शरीर असे सज्ज राहिले की झोप उडते, पित्त खवळते, जखमा उशिरा भरतात, आणि ज्याला रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्याचा आजार गोळ्यांना जुमानत नाही.

माझा साप मे महिन्यात आला. पंधरा मिनिटांच्या वादळात कापणीला आलेल्या मृगबागेची (मृगाच्या सुमारास लावलेल्या केळीची) चार हजार झाडे घडांसकट आडवी झाली. मी ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवले. पंचनाम्याला माणूस नवव्या दिवशी आला, तोवर घड काळे पडले होते. आता कळते की सातबाऱ्यावर माझ्या आडनावाची वेलांटी दीर्घ आहे आणि आधार कार्डावर ऱ्हस्व, म्हणून अर्ज अडला आहे. त्या एका वेलांटीसाठी मी तहसीलच्या अकरा फेऱ्या मारल्या. बाराव्या फेरीऐवजी रुग्णालयात गेलो, एवढाच फरक.

मी नुसती तक्रार करीत बसलेलो नाही. पहाटे अर्धा तास चालतो. चार आकडे मोजत श्वास घेतो आणि सहा मोजत सोडतो. त्याने छातीतील धडधड खरोखर ओसरते. तीस वर्षांची तंबाखू सोडली. भरितात मीठ नाही आणि कळण्याच्या भाकरीतही नाही, यावरून घरात दोनदा भांडण झाले (ज्याने खानदेशात जेवण केले आहे त्याला हा त्याग कळेल). टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावरही बोललो. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि ठरलेल्या वेळी झोपा, असे सांगितले. सल्ला बिनतोड आहे. पण आमच्या शेतीपंपाला आठवड्यातले चार दिवस वीज रात्रीच मिळते. बारा वाजता बॅटरी घेऊन बांधावर उभा असलेला माणूस कोणत्या ठरलेल्या वेळी झोपणार?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदावर चालतो आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि त्याचे कलम १८ म्हणते की ही सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. सरकारनेच २०१५-१६ साली करवून घेतलेल्या पाहणीत, आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे निघाले. या आकड्यांवर आपण किती बैठका घेतल्या ते ठाऊक नाही. पण आमच्या तालुक्यापुरते १०० टक्के लिहा, म्हणजे हिशेब सोपा होईल. महसूल खाते ताण देते, ऊर्जा खाते झोप घेते, बोर्डावर लिहिलेल्या केळीच्या जाहीर भावापेक्षा कमी भाव देणाऱ्या व्यापाऱ्याला कोणीच विचारत नाही, आणि सर्वांच्या शेवटी आपले खाते सांगते की टेन्शन घेऊ नका. आम्ही ते घेत नाही हो, ते आम्हाला घरपोच मिळते. हीच एक सरकारी सेवा वेळेवर येते.

माझे मागणे फार नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी त्या खोलीत प्रशिक्षित समुपदेशक बसवावा, आणि रक्तदाब मोजताना प्रत्येकाला झोपेबद्दल एक प्रश्न विचारावा. वेलांटीचे मी पाहून घेईन.

येत्या गुरुवारी मला पुन्हा रक्तदाब मोजायला बोलावले आहे. आकडा आपल्याला कळवीन, आणि कुलूप होते की नव्हते तेही.

आपला,
सातपुड्याच्या पायथ्याचा एक केळी उत्पादक,
जिल्हा जळगाव