मंत्रीसाहेब, विंडोज बदलतो, पण थम्ब मशीन कुठं जोडू?

मा. मंत्रीसाहेब, माहिती तंत्रज्ञान, महाराष्ट्र राज्य, यांना नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, सातबारा, पीक विमा, लाडक्या बहिणीची केवायसी, जे येईल ते करतो. सध्या आमच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला, की सगळ्यांनी विंडोज ११ टाकून घ्या नाहीतर जुन्या मशीनवर काम बंद होईल. खाली सही नाही, जावक क्रमांक नाही, कोणाला विचारावं तेही लिहिलेलं नाही. पण घाबरून पोट्टे मशीन घेऊन यवतमाळले पळून राहिले, म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, बदलू नका असं माझं म्हणणं नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे, आणि ज्या कॉम्प्युटरवर आम्ही लोकांचा आधार नंबर टाकतो, बोट ठेवून पैसे काढून देतो, त्याला सिक्युरिटी अपडेट नसणं हे बरोबर नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा नाही साहेब, त्याला मागून पाच-सहा वायरी लागलेल्या असतात, आणि आमचं पोट त्या वायरींवर आहे.

आता डब्याचंच बघा. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे, सिक्युअर बूट म्हणजे मशीन चालू होतानाची सुरक्षा तपासणी पाहिजे, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो, म्हणजे २०१७ च्या शेवटी आला तो. आमच्याकडच्या बहुतेक केंद्रांत आणि ग्रामपंचायतींत तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-थ्री आहेत, तेही चार जीबी रॅमवाले. ज्यांच्याकडे सहाव्या-सातव्या पिढीचं आहे त्यांना तर अजूनच चीड येते, कारण कित्येकांत बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन टीपीएम चालू होतो, सगळं हिरवं दिसते, आणि शेवटी प्रोसेसर यादीत नाही म्हणून नकार. मंग तालुक्याचा रिपेअरिंगवाला पेनड्राइव्हनं ती तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देते. दिसाले नवीन दिसते, पण अशा मशीनला पुढं अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट स्वतः देत नाही. म्हणजे ज्यासाठी बदलायचं तेच हातात नाही, आणि कागदावर मात्र केंद्र "अपग्रेड झालं".

बरं, नवीन मशीन घेतलं असं धरा. आता थम्ब मशीन, म्हणजे बोटाचा ठसा घेणारं यंत्र, जोडा. आधीच जुनी एल-झिरो मशीन बंद करून एल-वन घ्यायला लावली, ते ठीकच होतं, एल-वनमध्ये बोटाचा ठसा मशीनच्या आतच लॉक होऊन बाहेर पडते, कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहत नाही. सुरक्षेसाठी आम्ही खिशातून पैसे घातले. पण मशीन आणि पोर्टल यांच्यामध्ये आरडी सर्व्हिस नावाचं एक सॉफ्टवेअर असते, ते विंडोज बदललं की पुन्हा टाकावं लागते, आणि ते जागं नसलं की पोर्टल फक्त "डिव्हाइस नॉट फाउंड" म्हणते. समोर म्हातारी बोट पुढं करून उभी, कापूस वेचून वेचून आधीच ठसे घासलेले, तिला वाटते आपलंच बोट खराब झालं. ती पदराले बोट पुसते, पुन्हा ठेवते. तिला काय सांगू, आजी, ड्रायव्हर बसला नाही?

सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीचं वेगळंच. वित्त आयोगाच्या निधीचं पेमेंट दोघांच्या डीएससीशिवाय निघत नाही. ही डीएससी, म्हणजे डिजिटल सही, ज्या पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते त्याचा ड्रायव्हर वेगळा, सही करायचं सॉफ्टवेअर वेगळं, कुठं जावाची ठरावीक आवृत्तीच लागते. काही जुन्या साइट तर अजून इंटरनेट एक्सप्लोरर हा जुना ब्राउझरच मागतात, जो १५ जून २०२२ लाच रिटायर झाला आणि विंडोज ११ मध्ये नाहीच. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये अशा जुन्या साइटसाठी आयई मोड म्हणून एक सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते हे गावात कोण सांगणार.

आणि सगळ्यात मजेशीर प्रकार आमच्या भागातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, पाहिला. कापसाच्या गाडीचं वजन काट्यावरून कॉम्प्युटरात येते, जुन्या सिरीयल पोर्टनं. नवीन मशीनला तो पोर्टच नाही, म्हणून यूएसबीची कन्व्हर्टर वायर लावली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि पुढं लिहिलेलं, की ही चिप २०१२ पासून बंद झाली, आपल्या पुरवठादाराशी संपर्क साधा. बाहेर गाड्यांची रांग, आत सगळे त्या त्रिकोणाकडं पाहून राहिले. शेवटी जुना कॉम्प्युटर पुन्हा लावला तेव्हा काटापावत्या निघाल्या. सोसायट्यांत अजून कुठं कुठं विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा हिशोबाचा प्रोग्राम चालते, त्याचंही तसंच होईल, कारण विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती तोवर ते जुने १६ बिट प्रोग्राम कसेतरी चालत होते, विंडोज ११ फक्त ६४ बिटच येते. ट्रॅक्टर नवा दिला पण मागं जुनं पेरणीयंत्र बसतच नाही, असं आहे हे.

फॉन्टचं थोडक्यात सांगतो. युनिकोड वापरा म्हणून सांगून वर्षं झाली, पण ग्रामपंचायतीचे जुने ठराव अजून जुन्या फॉन्टात आहेत, नवीन मशीनवर उघडले की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. टायपिंगचं जे सॉफ्टवेअर डोंगल लावून चालायचं, त्याचा नवा ड्रायव्हर कुठं मिळतो तर कुठं मिळतच नाही.

आता मागणी. साहेब, आदेश काढायचाच असेल तर सहीचा काढा, आणि त्याच्यासोबत यादी द्या, की कोणतं थम्ब मशीन, कोणतं टोकन, कोणता प्रिंटर आणि कोणत्या साइट विंडोज ११ वर आपल्या विभागानं स्वतः चालवून पाहिल्या. एका जिल्ह्याच्या ठिकाणी चार मशीन मांडून हे काम होऊ शकते, आम्ही तीन-तीनदा यवतमाळले चकरा मारण्यापेक्षा ते लय स्वस्त. ग्रामपंचायतीच्या ज्या मशीन बदलू शकत नाहीत, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचे वाढीव सिक्युरिटी अपडेट संस्थांना तीन वर्षांपर्यंत विकत मिळतात, पण दर वर्षी भाव दुप्पट होते, ते सरपंचानं एकट्यानं घ्यायचं काम नाही, राज्यानं एकत्र घ्यावं.

विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचंही बघा. केरळनं सरकारी शाळांत ते चालवून दाखवलं, आपल्या सरकारी सी-डॅकनं बनवलेलं बॉस नावाचं लिनक्स आहे. जुन्या आय-थ्रीवर ते मजेत चालते, मी पाहिलं आहे. पण आमच्या थम्ब मशीनसोबत सॉफ्टवेअर येते ते विंडोज आणि अँड्रॉइडचं, म्हणून अडते. पुढच्या वेळी मशीन मंजूर करताना कंपनीला लिनक्सचाही ड्रायव्हर द्यायची अट टाका, तुमच्या विभागाला हे अवघड नाही.

आणि एक, तारीख काहीही ठेवा पण जून-जुलै सोडून ठेवा. तेव्हा ॲडमिशनचे दाखले आणि पीक विमा एकदमच येते, लाइनही तेव्हाच जाते.

आपला,
एक केंद्रचालक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ