इशारा दाबण्याआधी तो वाचावा

संपादक महोदय,

दूरच्या सर्व्हरवर कमांड लाइनवरून लॉगिन करण्यासाठी आम्ही व्यवस्थापक मंडळी रोज ‘एसएसएच’ वापरतो. तिचे इशारे पडद्यावर दिसू नयेत म्हणून सर्रास सांगितल्या जाणाऱ्या उपायांविषयी हे पत्र आहे.

इशाऱ्यांचा कंटाळा येतो, हे मला मान्य आहे. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून, रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टने एक ओळ छापली तरी तिची मेल येते, आणि अशा मेलच्या ढिगात खरी चूक हरवते; म्हणून निरुपयोगी मजकूर बंद करणे हा देखरेखीचाच भाग आहे.

परंतु सर्वांत प्रचलित उपाय असा, की सर्व्हरच्या ओळख-किल्लीची तपासणी बंद करायची आणि ओळखीच्या सर्व्हरांची यादी ‘डेव्ह-नल’मध्ये, म्हणजे लिहिलेले काहीच न साठवणाऱ्या फाइलमध्ये, टाकायची. त्यामुळे प्रत्येक सर्व्हर प्रत्येक वेळी नवखाच ठरतो, ‘किल्ली यादीत कायमची नोंदवली’ ही सूचना दर वेळी येते, आणि तीही नको म्हणून ‘डॅश क्यू’ हा एसएसएचला गप्प करणारा पर्याय जोडला जातो. मधल्या मध्ये कोणी तोतया सर्व्हर उभा केला, तर ते कळण्याची वाटच उरत नाही. तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ही प्रणाली लिहिली ती फिनलंडमधील त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर, हे येथे आठवावे.

‘डॅश क्यू’चा दुसरा फटका मी स्वतः सोसला आहे. माझ्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये तो होता. जोडणी नाकारली गेली तरी एक अक्षर छापले जात नव्हते, आणि अपयशाचा २५५ हा कोड मी तपासत नव्हतो. कित्येक रात्री बॅकअप झालाच नाही, हे फाइल परत हवी झाली त्या दिवशी समजले.

केवळ ती नोंदीची सूचना नको असेल, तर त्या सर्व्हरपुरती ‘लॉगलेव्हल’ची, म्हणजे कोणते संदेश छापायचे याची, पातळी ‘एरर’ ठेवावी. किल्ली बदलल्याचा इशारा तिच्यातही दिसतो, मात्र यादी जागेवर हवी. नव्या सर्व्हरांसाठी ओपनएसएसएच या एसएसएच-प्रोग्रामच्या ७.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, ‘ॲक्सेप्ट-न्यू’ हा पर्याय उपलब्ध आहे: अनोळखी किल्ली न विचारता नोंदवली जाते, बदललेली नाकारली जाते. सर्व्हर खरोखरच नव्याने उभारला असेल, तर जुनी नोंद ‘एसएसएच-कीजेन’ या आज्ञेने काढून नव्या किल्लीचा ठसा, म्हणजे तिची छोटी ओळखखूण, त्याच्या व्यवस्थापकाकडून पडताळून घ्यावा. लॉगिननंतरचा स्वागताचा मजकूर तर त्या सर्व्हरवरील आपल्या होम डिरेक्टरीत ‘हशलॉगिन’ नावाची रिकामी लपवलेली फाइल ठेवल्यानेही थांबतो.

ओपनएसएसएचच्या १०.१ या आवृत्तीपासून क्वांटम संगणकांपुढे न टिकणाऱ्या किल्ली-विनिमयाबद्दलही, म्हणजे जोडणीची गुप्त किल्ली ठरवण्याच्या पद्धतीबद्दलही, इशारा येतो. तो सेटिंगने बंद करता येतो. पण सर्व्हरवरील सॉफ्टवेअर अद्ययावत केले, की तो येण्याचे कारणच संपते. प्रशिक्षण-पुस्तिका लिहिणाऱ्यांनी प्रत्येक इशाऱ्यापुढे आधी तो येण्याचे कारण छापावे आणि मगच तो बंद करण्याची आज्ञा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक सर्व्हर व्यवस्थापक