हेरेनबेर्गचं घर ठरलं

बोब्लिंगेन, जर्मनी,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
चिऊचा शिरसाष्टांग नमस्कार.

ऑफिसातली एक मैत्रीण दिवाळीला पुण्याला निघाली आहे. तिच्याबरोबर हे पत्र आणि बाबांसाठी लोकरीचे मोजे पाठवते आहे. माझी तब्येत उत्तम आहे, खोकला पूर्ण गेला, जेवण वेळेवर होतं. थालीपिठाची भाजणी अजून भरपूर आहे, तेव्हा आई, एवढ्यात दळायला बसू नकोस.

आता घराचं सांगते. घरमालकांना ही जागा स्वतःच्या मुलीसाठी हवी आहे. तशी मागायचा त्यांना इथल्या कायद्याने हक्क आहे आणि मुदतही रीतसर दिली आहे. मला कुणी बाहेर काढलेलं नाही, बाबा, की कुणाशी वाजलेलंही नाही. बोब्लिंगेनमध्येच दुसरी जागा मिळाली असती तर बरं झालं असतं, पण मोटारींच्या कारखान्यांमुळे या पट्ट्यात भाडी फार चढली आहेत. थोडं लांब जायचं म्हटल्यावर माझ्यापुढे दोन गावं उरली, वाइल डेर श्टाट आणि हेरेनबेर्ग. दोन्ही आतल्या भागातली, शांत, घरंदाज. सकाळी माणसं कामाला बाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात.

आई, तुझा कौल वाइल डेर श्टाटला, हे मला ठाऊक आहे. चौकातल्या केप्लरच्या पुतळ्याचा फोटो पाठवला त्याच दिवशी तू ठरवून टाकलंस. ज्याचे ग्रहगतीचे तीन नियम तू दहावीच्या पोरांकडून घोटून घेतलेस त्याच्या जन्मगावात लेकीला जागा मिळते आहे, मग आणखी काय बघायचं, असं म्हणालीस. गाव देखणं आहे, यात शंका नाही. जुना तट, बुरूज अजून उभे आहेत. वस्ती जेमतेम वीस हजारांची. केप्लर तिथे १५७१ साली जन्मला. चौकाजवळच्या घरात त्याचं छोटं संग्रहालय आहे, ते मी पाहून आले. त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण म्हणून खटला भरला होता, हे तुला माहीत होतं का? तो तेव्हा ऑस्ट्रियात लिंझला नोकरीला होता. हातातलं काम टाकून तो इकडे आला, तिच्या बाजूने लढला, आणि १६२१ मध्ये ती सुटली. तोवर वर्षाहून जास्त काळ ती कैदेत होती. ते वाचून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मला यायला हवं होतं. छोटू सोबत होता, डोळा छान झाला, सगळं खरं. तरी यायला हवं होतं.

पण आई, त्या गावाहून ऑफिसला यायचं तर रेनिंगेनला गाडी बदलावी लागते. सकाळी त्याचं काही नाही. संध्याकाळी उशीर झाला आणि पुढची गाडी चुकली तर त्या लहानशा स्टेशनवर अंधारात बसून राहायचं, डिसेंबरात तर गारठून. हेरेनबेर्गला तसं नाही. एकच लोकल, बोब्लिंगेनला चढले की पाऊण तास नाही की अर्धा तास नाही, पंधरा मिनिटांत घर. शेवटचंच स्टेशन, झोप लागली तरी पुढे जायची भीती नाही. ‘रात्री एकटी येतेस’ ही तुम्हा दोघांची काळजी आहे ना, तिच्यासाठीच हे सांगते आहे.

आणि हेरेनबेर्ग मला आवडलं. डोंगराच्या कुशीत गाव, डोंगरावर पडक्या किल्ल्याच्या भिंती. स्टेशनातून बाहेर पडून वर पाहिलं की आपल्या साताऱ्यात पोवई नाक्यावरून अजिंक्यतारा दिसतो तसंच वाटतं. खाली लाकडी चौकटींची जुनी घरं, त्यांच्यावर भलंमोठं चर्च. त्या चर्चच्या मनोऱ्यात घंटांचं संग्रहालय आहे, तीसहून जास्त घंटा आहेत. गावामागे शोनबुखचं जंगल लागतं. १९७२ पासून ते संरक्षित आहे, आणि आत पायवाटा इतक्या चांगल्या आहेत की बाबा, तुमचं सकाळचं फिरणं अगदी निवांत होईल. जंगलात ३५ मीटर उंचीचा लाकडी मनोराही आहे. गुडघे दुखत असतील तर खाली बाकावर बसू.

घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांनी पगाराची कागदं नंतर पाहिली. आधी विचारलं, ‘केअरवोखे’ पाळणार ना? ही इथल्या श्वाबेन मुलखाची रीत आहे आणि ती नीट सांगायलाच हवी, नाहीतर बाबा पुन्हा फोनवर विचारतील की इंजिनियर मुलीला जिने का झाडायला लावतात. इमारतीत जितकी बिऱ्हाडं तितक्या पाळ्या. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दारावर एक छोटी पाटी लटकते. त्याने आपल्या मजल्यापुढचा जिना झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, कठडा पुसायचा. मोठी पाळी असली की दारापुढचा फुटपाथ, तळघराचा जिना आणि कचऱ्याच्या डब्यांची जागाही आली. काम शनिवारी उरकायचं, रविवारी झाडू हातात घ्यायचा नाही. जिना आधीच चकचकीत असला तरी झाडायचा, कारण पाळी तुमची आहे. झालं की पाटी शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची, बोलायचीही गरज नाही. थंडीत बर्फ पडला तर सकाळी कामाला जायच्या आधी फुटपाथ मोकळा करून त्यावर खडी टाकायची. आता राहते त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर डॉक्टर आहेत, तेही झाडतात. यात कमीपणा काही नाही. मला तर ही रीत आवडायला लागली आहे. परवा शेजारच्या आजींनी माझा जिना बघून मान डोलावली, त्या दिवशी या गावात मी कुणीतरी आहे असं वाटलं.

बाबा, तुम्ही त्या दिवशी विचारलंत, ‘यादीत तिसरं गाव सातारा का नाही?’ मी तेव्हा हसून विषय बदलला. उत्तर हे आहे की माझं काम आत्ता रंगात आलं आहे आणि ते मला सोडायचं नाही. माझ्या प्रकारच्या परवान्यावर जर्मन भाषेची बी-वन परीक्षा झालेली असली की २१ महिन्यांनी कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. माझी परीक्षा झाली आहे, मुदतही भरली आहे, अर्ज मी करणार आहे. त्याने साताऱ्याचं दार बंद होत नाही. उलट नोकरी बदलली तरी परवान्याची टांगती तलवार राहत नाही आणि सुट्टीला मोकळ्या मनाने येता येतं. दोन वर्षांत परत येते म्हणाले होते, ते मला आठवतं. तुम्हालाही आठवतं, म्हणून तुम्ही ते बोलत नाही, हेही कळतं.

पैशांचं: नव्या घराचं मूळ भाडं ७५० युरो, हीटिंग वगैरे वेगळं. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेतात, म्हणजे २,२५० युरो. शिवाय इथे भाड्याच्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसतो, तो ज्याचा त्याने आणायचा. आधीच्या भाडेकरूकडून त्याचा ओटा, सिंक आणि शेगडी विकत घेते आहे. त्यामुळे नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये घराच्या हप्त्याला निम्मेच पैसे येतील. जानेवारीपासून पूर्ववत. छोटूच्या लग्नाच्या हॉलचा अ‍ॅडव्हान्स मात्र मी कालच पाठवला, त्यात कपात नाही. साखरपुड्याला येता येणार नाही, लग्नाला दोन आठवडे येते आहे, तिकीट काढलं. नव्या वहिनीला माझ्याकडून पैठणी घ्या, रंग तिला निवडू द्या.

आणि मावशीला सांगा, कराडच्या स्थळाला नाही म्हणून कळवावं. माणसं चांगली असतील, त्यांना ताटकळत ठेवू नका. आई, गणपतीला उकडीचे मोदक करणारा नागपूरचा मुलगा तुला व्हिडिओवर दाखवला होता, तो. ट्युबिंगेनच्या विद्यापीठात संशोधन करतो. हेरेनबेर्गहून ट्युबिंगेनला थेट रेल्वे आहे. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि मी तिथे एकटीच राहणार आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण गाव निवडताना ती रेल्वेही माझ्या मनात होती, आणि हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळावं असं मला वाटत नाही. लग्नाला येईन तेव्हा तोही येईल, तुमची परवानगी असेल तर. त्याच्या घरचे तुमच्याशी आधी बोलायला तयार आहेत.

बाबा, डोळ्यांचे थेंब डॉक्टर सांगतील तोवर चुकवू नका. दिवाळीत फोन करते. या वेळी लगेच आईकडे देऊ नका, आधी तुम्ही बोला.

तुमची,
चिऊ