अंगठा अजून उठत नाही

कोल्हापूर, रविवार

प्रिय विन्या,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. दंडाचं हाड जुळलं, पण हाडाला घासून जाणारी रेडियल नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) दुखावली ती दुखावलीच. उजवा पंजा लटकतो. बोटं मिटतात, उघडत नाहीत. चहाचा कप धरला की सोडवायला दुसरा हात लागतो.

तू पाठवलेलं ते ‘हार्मोनच्या इंजेक्शनने नस दुरुस्त’वालं फॉरवर्ड डॉक्टरांना दाखवलं. ते हसले नाहीत, हे आधी सांगतो. ते हार्मोन म्हणजे एरिथ्रोपोएटिन. आपल्याच किडनीत तयार होतं, रक्तातल्या लाल पेशी वाढवतं. तुझ्या काकांना डायलिसिसच्या वेळी देतात तेच, आणि सायकल शर्यतवाले चोरून घ्यायचे तेही हेच! उंदरांच्या मांडीतली नस चिमट्याने चिरडून हे दिलं, तर त्यांची चाल लवकर सुधारली, इतपत खरं आहे. पण माणसाच्या नसेसाठी ते अजून रुळलेलं औषध नाही. शिवाय माझं हिमोग्लोबिन चांगलं पंधरा. वर हे टोचलं तर रक्त दाट होऊन गुठळी व्हायची. नको रे बाबा.

मला मात्र दुसरंच काही आवडलं. नसेवर वायरीच्या रबरासारखं मायलिनचं वेष्टन असतं. ते घालणाऱ्या ‘श्वान’ नावाच्या पेशी (कुत्र्याशी संबंध नाही!) प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन स्वतःच बनवतात. हो, आपण बारावीला गर्भारपणाचं म्हणून घोकलेलं तेच. १९९५ साली पॅरिसच्या एतिएन-एमिल बोलिए या संशोधकाच्या गटाने उंदरांत दाखवलं की त्याचं काम अडवलं तर नवं वेष्टन नीट चढत नाही. म्हणजे माझ्याही दंडात, कुणी न सांगता, बहुतेक हाच उद्योग चालू असणार.

फक्त नस पुन्हा वाढायचा वेग गोगलगायीचा. दिवसाला साधारण एक मिलिमीटर. डॉक्टर दंडावरून खाली टिचक्या मारत येतात; जिथे मारल्यावर अंगठ्याच्या मुळाशी झिणझिण्या धावतात तिथवर नस वाढली असं समजून बॉलपेनने फुली. परवाची फुली मागच्या महिन्यापेक्षा दोन बोटं खाली आली. आईने ती पुसू नये म्हणून आंघोळीला हातावर पिशवी बांधली, बोल!

हाड मोडून दुखावलेली ही नस बहुतेकांची आपोआप येते, म्हणून ऑपरेशनची घाई नाही. मनगट आधी उठेल, अंगठा सगळ्यात शेवटी. तोवर तुझ्या फॉरवर्डला अंगठा दाखवायचीही सोय नाही.

तुझाच,
सुध्या