चढणीचे मासे, भिंतीवर

कुसात्सु, शिगा (जपान)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. चिवडा पोचेपर्यंत नरम झाला होता, तरी दोन दिवसांत संपवला.

रविवारी फोन का उचलत नाहीस म्हणून आई कुरकुरते, तिला सांग की माझे हात मातीत असतात. इथल्या वस्तीच्या सभागृहाला एक लांब कोरी भिंत आहे. तिच्यावर बिवा तलावातले जीव मातीचे घडवून लावायचे असं सगळ्यांनी ठरवलंय. शाळेतली पोरं, निवृत्त आजोबा, मासेमाराच्या घरातल्या एक काकू आणि मी. नियम एकच, कुणीही एक जीव एकट्याने पुरा करायचा नाही. धड एकाने घडवायचं, खवले दुसऱ्याने कोरायचे, ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, तिसऱ्याने द्यायचा. त्यामुळे भांडणं भरपूर होतात. मला तेच आवडतं.

बिवा म्हणजे आपल्या नवेगाव बांधाच्या तलावाच्या मापाचं काम नाही. सुमारे 670 चौरस किलोमीटर पाणी, खोली शंभर मीटरच्या वर, वय 40 लाख वर्षांच्या आसपास. इतक्या काळात इथे साठाहून अधिक जीव असे झालेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. मीटरभर लांबीचा मोठा मिशाळ मासा (कॅटफिश) आहे, त्याची मिशी माझ्या वाट्याला आली.

माती येते शिगाराकीहून. दक्षिणेच्या डोंगरातलं हे कुंभारांचं जुनं गाव, मध्ययुगापासून तिथे भट्ट्या आहेत. आणि गंमत ऐक, हा तलाव पहिल्यांदा तिकडेच, इगा भागात झाला, मग जमीन खचत उठत लाखो वर्षांत उत्तरेकडे सरकत आला. मागे उरलेला गाळ म्हणजे शिगाराकीची माती. म्हणजे आम्ही तलावाचे मासे तलावाच्याच जुन्या तळातून काढतोय! मळताना तिच्यातले खडे तळहाताला टोचतात. भट्टीत 1200 अंशांच्या वर गेलं की त्यातले फेल्डस्पार या खनिजाचे कण वितळून पांढरे ठिपके बनून वर येतात. माशाच्या कातडीला याहून चांगलं काही सुचलं नसतं. फक्त आतून पोकळ ठेवावं लागतं, नाहीतर जाड लोंदा फुटतो आणि शेजारच्यांचंही वाटोळं करतो.

खरा वाद झाला तो ब्लूगिलवरून. हा अमेरिकेचा मासा. 1960 मध्ये शिकागोच्या महापौरांनी युवराज अकिहितोंना भेट दिला, पैदाशीसाठी जपानात आला आणि सुटला तो सुटलाच. 2007 मध्ये सम्राट असताना याच शिगात त्यांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ब्लूगिल आणि बास नावाचा आणखी एक परका मासा इथल्या माशांची अंडी-पिल्लं खातात. गळाला लागले तर पुन्हा पाण्यात सोडायला बंदी आहे, टाकायला काठावर पेट्या ठेवल्यात. काकू म्हणाल्या, हा भिंतीवर नको. पोरं म्हणाली, पण आम्हाला गळाला हाच लागतो! मी पोरांच्या बाजूने बोलले. आपल्या तळ्याचं चित्र काढताना पाळीवरची बेशरम वगळली, तर ते चित्र कुणाच्या तळ्याचं? शेवटी ठरलं की ब्लूगिल राहील, पण बोरूच्या बेटाशी, अंड्यांवर टपलेला. त्याचे खवले काकूंनीच कोरले, आणि फार सुबक कोरलेत.

बोरूत निगोरोबुना नावाचा इथला मासा अंडी घालतो. त्याला भातात मुरवून इथले लोक फुनाझुशी करतात. वास असा की भाऊजी घर सोडतील. पाऊस लागला की हा मासा पाटातून धानाच्या बांधीत चढतो. मधे काँक्रीटच्या पाटांमुळे वाट बंद झाली होती, आता काही शेतकरी पाटात पायऱ्या-पायऱ्यांचे बांध घालून त्याला पुन्हा शेतात घेतात. हे ऐकलं तेव्हा मी बाबांच्या चढणीच्या माशांच्या गोष्टी सगळ्यांना सांगितल्या. आता भिंतीवर धानाची एक बांधी वाढलीय, रोपं लावणीच्या ओळीत. ती मी आणि एक चौथीतली पोरगी करतोय. ती रोपं फार दाट लावते, बाबांनी पाहिलं तर ओरडतील.

तुझ्याकडे ढिवर बायकांनी बेशरम उपटून पाणवनस्पती लावल्या होत्या, त्या जगल्या का? कोणत्या लावल्या त्यांची नावं विचारून लिही. आजोबा मला दर रविवारी विचारतात आणि मला धड सांगता येत नाही. आईचं गुडघ्याचं औषध चालू आहे ना? भाऊजींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझी,
सोनू