दुकाने अनेक, गल्ला एकच

महोदय,

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या मक्तेदारीविषयी आपल्या दैनिकात बरेच छापून येते. शोधयंत्रे, मोबाइल, समाजमाध्यमे यांवर वाचकही हिरिरीने लिहितात. ज्या बाजारात संकेतस्थळाचा पत्ता आणि ते ठेवायची जागा विकली जाते, त्या डोमेन आणि होस्टिंगच्या बाजाराबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. छोट्या संस्थांची आणि एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांची संकेतस्थळे सांभाळणे हे माझे काम आहे. या बाजाराची बिले सतत माझ्या टेबलावर येऊन पडतात, म्हणून हे पत्र.

मी एक वही ठेवते. (वहीच, स्प्रेडशीट नव्हे. रिन्यूअलच्या तारखा हाताने लिहिल्या की लक्षात राहतात.) ग्राहक, डोमेन, रजिस्ट्रार (म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी), होस्ट, मुदत असे तिचे रकाने. मध्यंतरी मी त्यात 'मूळ मालक' हा एक रकाना वाढवला आणि तो भरता भरता हात थबकला. ब्लूहोस्ट, होस्टगेटर, डोमेन डॉट कॉम, नेटवर्क सोल्युशन्स, रजिस्टर डॉट कॉम, बिगरॉक, रिसेलरक्लब. सात नावे, सात बोधचिन्हे, सात वेगवेगळ्या जाहिराती. 2021 साली एंड्युरन्स आणि वेब डॉट कॉम हे दोन समूह एकत्र करून न्यूफोल्ड डिजिटल ही कंपनी उभी राहिली, तेव्हा ही सगळी नावे तिच्या पदरात पडली. एका होस्टला कंटाळून दुसऱ्याकडे जाणारा ग्राहक पुष्कळदा त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

ही केवळ कागदावरची मालकी नाही. 2 ऑगस्ट 2013 रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात प्रोव्हो येथे एंड्युरन्सच्या डेटा सेंटरमध्ये नेटवर्क बिघडले. ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर आणि जस्टहोस्ट या चारही 'प्रतिस्पर्धी' कंपन्यांची संकेतस्थळे एकाच वेळी बंद पडली. धोका विभागावा म्हणून ज्यांनी एक संकेतस्थळ इथे आणि दुसरे तिथे ठेवले होते, त्यांची दोन्ही गेली.

आणि 'सर्वोत्तम दहा होस्ट' छापाच्या याद्या? त्यांत हीच भावंडे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या क्रमांकावर एकमेकांशी लढताना दिसतात. यादी करणाऱ्याला प्रत्येक नव्या ग्राहकामागे दलाली मिळते, त्यामुळे कोण कोणाचे हे सांगण्यात त्याला काडीचा रस नसतो. मी अशा याद्या वाचणे सोडून दिले आहे. ग्राहक मात्र त्याच वाचून माझ्याकडे येतात.

रजिस्ट्रारांची अधिकृत यादी पाहून फसायला होते ते असेच. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेची मान्यता असलेल्या रजिस्ट्रारांची यादी डोळे फिरवील इतकी लांब आहे. जरा खाली उतरा, की ड्रॉपकॅच डॉट कॉम या एकाच नावापुढे निरनिराळे आकडे जोडलेल्या कंपन्यांची रांग लागते. मुदत संपून सुटणारी चांगली डोमेन ज्या क्षणी मोकळी होतात, त्या क्षणी ती पकडायला प्रत्येक मान्यताप्राप्त रजिस्ट्रारला मूळ नोंदणी-यंत्रणेशी सारख्याच जोडण्या मिळतात. मग जितक्या मान्यता, तितके हात. एकट्या या समूहाने 2016 पर्यंत हजाराहून अधिक मान्यता घेऊन ठेवल्या होत्या. एवढी लांब यादी दाखवून 'बघा किती स्पर्धा' म्हणणाऱ्याने ती एकदा शेवटपर्यंत वाचावी.

स्पर्धा मुळात आलीच नाही असे मी म्हणत नाही. 1995 मध्ये डॉट कॉमच्या नोंदणीला पैसे लागू लागले, तेव्हा नोंदणी करणारी कंपनी एकच होती, नेटवर्क सोल्युशन्स. दोन वर्षांचे 100 डॉलर, घ्यायचे तर घ्या. 1998 मध्ये आयकॅन स्थापन झाली, पुढच्या वर्षी चाचणी म्हणून पाच नव्या रजिस्ट्रारांना दार उघडले गेले आणि दर कोसळले. त्या पाचांतला प्रत्यक्ष काम सुरू करणारा पहिला रजिस्ट्रार म्हणजे रजिस्टर डॉट कॉम. मक्तेदार आणि त्याच्यासमोर उभा राहिलेला पहिला प्रतिस्पर्धी, दोघेही आज माझ्या वहीत एकाच मालकाच्या रकान्यात आहेत! पुढे क्लाउडफ्लेअरने 2018 मध्ये नफा न घेता, घाऊक दरातच डोमेन द्यायला सुरुवात केली. ज्यांना डीएनएसची (डोमेनच्या नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या व्यवस्थेची) जुजबी माहिती आहे, त्यांना आज स्वस्त आणि सरळ सेवा मिळू शकते, हे मान्य केलेच पाहिजे.

पण स्पर्धा आली ती किरकोळ विक्रीत. घाऊक बाजू तशीच राहिली. डॉट कॉमची मूळ नोंदवही एकाच कंपनीकडे असते आणि प्रत्येक रजिस्ट्रार तिच्याकडूनच घेतो. ती कंपनी व्हेरिसाइन. 2000 मध्ये तिने नेटवर्क सोल्युशन्स विकत घेतली, 2003 मध्ये किरकोळ विक्रीचा धंदा विकून टाकला आणि नोंदवही तेवढी ठेवून घेतली. धंद्याची इतकी अचूक पारख क्वचितच पाहायला मिळते. अमेरिकी वाणिज्य खात्याने 2012 मध्ये हा घाऊक दर एका नावामागे वर्षाला 7.85 डॉलरवर गोठवला होता. 2018 मध्ये ती गाठ सैल झाली आणि 2021 ते 2024 अशी सलग चार वर्षे, दर वेळी 7 टक्के वाढ होत दर 10.26 डॉलरवर पोहोचला. नोंदणी झालेली डॉट कॉम नावे 15 कोटींहून अधिक आहेत. एका डॉलरची वाढ म्हणजे वर्षाला 15 कोटी डॉलर, आणि त्यासाठी नवे ग्राहक शोधावे लागत नाहीत. या कंपनीच्या महसुलातल्या दर 100 डॉलरमागे 60हून अधिक डॉलर कार्यकारी नफा म्हणून उरतात.

एवढ्या मोठ्या कामाला पैसा लागतोच, विश्वासार्हतेची किंमत असते, असे यावर सांगितले जाते. विश्वासार्हतेबद्दल माझी तक्रार नाही. पण वाजवी किंमत किती, हे कळायचा मार्ग निविदा हाच, आणि डॉट कॉमच्या कराराचे नूतनीकरण निविदेविना होते. डॉट नेटची नोंदवहीही व्हेरिसाइनकडेच होती आणि तिची निविदा 2005 मध्ये निघाली होती. ती जिंकली व्हेरिसाइननेच, पण समोर इतर बोलीदार उभे होते म्हणून 6 डॉलरचा दर 4.25 डॉलरवर आणून. कंपनी तीच, काम तेच. त्यानंतर डॉट नेटचीही निविदा निघाली नाही आणि आज त्याचा घाऊक दर डॉट कॉमपेक्षा चढा आहे.

मधल्या काळात घाऊक आणि किरकोळ यांच्यातली भिंतही पातळ झाली. एकाच समूहाने दोन्ही धंदे करण्यावरचा निर्बंध आयकॅनने 2010 मध्ये उठवायचे ठरवले. सुमारे 8 कोटी डोमेन सांभाळणाऱ्या गोडॅडी या रजिस्ट्रारने 2020 मध्ये न्यूस्टार कंपनीचा नोंदवहीचा व्यवसाय घेतला. होस्टिंगच्या पोटातही हेच चालू आहे. असंख्य होस्ट ज्या नियंत्रण-फलकावर चालतात तो सीपॅनेल आणि त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी प्लेस्क हे दोन्ही ओकली कॅपिटल या एकाच गुंतवणूकदार संस्थेकडे गेले, आणि 2019 मध्ये सीपॅनेलने सर्व्हरमागे एक दर ही पद्धत सोडून खात्यांच्या संख्येवर आकारणी सुरू केली. एकेका सर्व्हरवर शेकडो छोटी संकेतस्थळे ठेवणाऱ्या लहान होस्टचे कंबरडे मोडले. त्यातल्या काहींनी आपले ग्राहक मोठ्यांना विकून टाकले. ग्राहकाला एक ईमेल आली: 'आपल्याला कळवण्यास आनंद होतो की...'

असा आनंद गूगल डोमेन्सच्या ग्राहकांच्याही वाट्याला आला. 2023 मध्ये सुमारे एक कोटी डोमेन स्क्वेअरस्पेसला विकली गेली. लोकांनी विचार करून निवडली एक कंपनी, हाती आली दुसरी.

या सगळ्यात ग्राहकाचे खरे हत्यार एकच, निघून जाता येणे. तेच सर्वांत बोथट करून ठेवले आहे. अनुवादाची कामे घेणाऱ्या एका जोडप्याचे उदाहरण सांगते. डोमेन, होस्टिंग आणि ईमेल, तिन्ही एकाच कंपनीकडे. सुरुवातीला होस्टिंग अगदी स्वस्त आणि त्यावर डोमेन फुकट. मुदत संपत आली तेव्हा बिल तिपटीहून जास्त. त्यांनी सोडायचे ठरवले. फाइल्स आणि डेटाबेस हलवणे हे तासाभराचे काम. अडले ते ईमेलपाशी, कारण ग्राहकांशी झालेला सगळा जुना पत्रव्यवहार त्याच पेट्यांत होता, आणि त्याहून जास्त ऑथ कोडपाशी. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला हा कोड लागतो. तो खात्यात कुठे दिसेना. चॅटवर मागितला की 'आधी आमची सवलत ऐका'. संवाद तुटला की नवा प्रतिनिधी आणि पुन्हा पहिल्यापासून नावगाव. मागितल्यापासून पाच दिवसांत कोड द्यावा असा आयकॅनचा नियम आहे. कोड पाचव्या दिवशी आला. त्यानंतर जुना रजिस्ट्रार गप्प राहिला की हस्तांतरण पुरे व्हायला आणखी पाच दिवस जातात. तेही गेले. नियम कुठेच मोडला नाही, नियमाने दिलेला प्रत्येक दिवस मात्र वापरला. आणि चॅटवर देऊ केलेला सवलतीचा दर जवळपास पहिल्या वर्षीइतकाच होता. म्हणजे त्या दरात कंपनीला परवडत होते. फक्त दारापर्यंत जाणाऱ्यालाच तो दाखवायचा होता.

आणखी एक खाच आहे. पुष्कळांची डोमेन त्यांच्या नावावर नसतातच, संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर असतात. सल्ला मिळतो, 'आधी नोंदणी आपल्या नावावर करून घ्या, मग हलवा.' सल्ला सरळ दिसतो, पण नोंदणीधारकाचे नाव बदलले की डोमेनवर 60 दिवस हस्तांतरणबंदी लागते. ती आधीच नाकारायची सोय द्यायची की नाही, हे रजिस्ट्रारच्या मर्जीवर. त्या 60 दिवसांत रिन्यूअलची तारीख आली तर जुन्याच कंपनीला पुन्हा वर्षाचे पैसे मोजा. चोरी रोखायला असे कुलूप हवे, हे मला पटते. ते उघडायची किल्ली ग्राहकाकडे का नको, हे पटत नाही.

दर ठरवून द्या असे माझे म्हणणे नाही. पहिल्या वर्षाच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत दुसऱ्या वर्षाचा आकडा छापणे बंधनकारक व्हावे. ऑथ कोड खात्यात शिरल्याबरोबर, कोणाशी न बोलता मिळावा. कंपनी विकली गेली तर ग्राहकाला ठरावीक काळ विनाशुल्क बाहेर पडता यावे. आणि डॉट कॉमची नोंदवही कोणी सांभाळायची, हे निविदेने ठरावे. यातले पहिले तिन्ही नियम करायला तांत्रिक अडचण कोणतीही नाही. चौथ्याला अमेरिकी सरकार आणि आयकॅन यांची इच्छा लागेल आणि ती लवकर होईल असे मला वाटत नाही.

नियम होतील तेव्हा होतील. आपल्या दैनिकाला एक गोष्ट आजही करता येईल. 'डोमेन फुकट, होस्टिंग नाममात्र दरात' अशा जाहिराती आल्या, किंवा होस्टिंग कंपन्यांची तुलना करणारा लेख आला, की दोन गोष्टी मागून घ्याव्यात: रिन्यूअलचा दर आणि मूळ मालक कंपनीचे नाव. दोन्ही छापायला एक ओळ पुरते.

आपली,
संकेतस्थळांच्या देखभालीचे काम करणारी एक वाचक