चिमे, जरा जागा सोड

चिमे,

तुझ्या बँडचा व्हिडिओ तीनदा बघितला, आईने तर सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकला. वाजवलंस झकास, पण रागावू नकोस हं, तुझे हात थांबतच नाहीत गं, ती गाणारी पोरगी श्वास घ्यायला थांबली रे थांबली की तू तिथे काहीतरी कोंबतेस. मी पण भजनात पेटीवर हेच करायचो, मग एकदा पखवाजवाले काका म्हणाले, अहो, गाणाऱ्याला पण थोडं राहू द्या.

म्हणून म्हणतो, काउंट बेसी ऐक, जॅझ बँड चालवणारा पियानोवाला, मोजकेच सूर वाजवायचा. खरं नाव विल्यम, जन्म 1904, न्यू जर्सीतलं रेड बँक. तुला वाटेल येत नसेल म्हणून कमी वाजवतो, तर छे, न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या लिंकन थिएटरमध्ये फॅट्स वॉलर हा नावाजलेला पियानोवाला ऑर्गनवर असायचा तेव्हा हा त्याच्या पायाशी बसून पेडल कशी दाबतो ते बघायचा, दोन्ही हातांनी धबाधबा वाजवायची ती स्ट्राइड स्टाइल ह्याला पक्की येत होती. पुढे कॅन्सस सिटीत रेनो क्लबमध्ये ह्याचा बँड, 1936 मध्ये जॉन हॅमंड नावाच्या रेकॉर्ड काढणाऱ्या माणसाने शिकागोत गाडीच्या रेडिओवर तो ऐकला आणि गाडी रुळावर आली. (तरी डेक्का ह्या रेकॉर्ड कंपनीचा पहिला करार बघ, 24 रेकॉर्डिंगचे मिळून 750 डॉलर, रॉयल्टी शून्य! कुठे सही करायच्या आधी मला फोटो पाठव.)

1937 चं 'वन ओ'क्लॉक जंप' लाव. सॅक्सोफोन, ट्रम्पेटवाले आपापलं वाजवून झाले की बेसीची पाळी येते, आणि हा मालक असून दोनचार सूर टाकतो, रांगोळीचे ठिपके ठेवावेत तसे, आणि गप्प. मग मागचं ऐकू येतं बघ, वॉल्टर पेजचा बास, जो जोन्सचा हाय-हॅट (ड्रमवरची पायाने वाजवायची झांजांची जोडी), आणि फ्रेडी ग्रीनची गिटार. ह्या ग्रीनचं मला फार कौतुक आहे, ना अँप्लिफायर ना सोलोची हौस, प्रत्येक मात्रेला एक हलका फटका, एवढंच. बेसी 1984 ला गेला तरी हा 1987 पर्यंत, स्वतः जाईपर्यंत, त्याच बँडमध्ये. बँड अजून चालू आहे.

पुढच्या प्रॅक्टिसला एक कडवं डावा हात मांडीखाली ठेवून वाजव, हसतील पोरं, हसू देत.

रविवारी येताना हेडफोन आण, माझ्या मोबाईलवर तो बास ऐकूच येत नाही. त्या गाणाऱ्या पोरीला पण घेऊन ये, आई थालीपीठं करणारे.

बाबा